घरचा बोकड कापताना: पारख, स्वच्छता आणि मटण टिकवण्याची रीत



आपल्या शेती कार्यक्रमाकडे आष्टी-पाटोदा भागातून एक पत्र आलं. लिहिणाऱ्याने विचारलं होतं, "आमच्या विहिरीत हरीण पडून मेलं. ते कापून मांस वाळवून ठेवलं तर चालेल का? कसं वाळवावं आणि किती दिवस टिकेल?" प्रश्न सरळ मनाने विचारलेला आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. हरणाला हात लावू नका. मात्र मांस घरी कसं कापावं, पारखावं आणि वाळवावं हे शिकण्यासारखं आहे. ते आपल्या दारातल्या बोकडावर शिकावं.

आधी हरणाचं उरकून घेऊ. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ७२ साल म्हटलं की दुष्काळ, सुकडी आणि खडी फोडायची कामं आठवतात; त्याच सालचा हा कायदा. आपल्या माळावरचं काळवीट आणि चिंकारा दोन्ही या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. याच अनुसूचीत वाघही आहे. शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय निदान २५,००० रुपये दंड. "पण मी मारलंच नाही, ते आपोआप मेलं," असं म्हणून सुटका होत नाही. रानातलं जनावर जिवंत असो की मेलेलं, त्याचं मांस, कातडं, शिंग ही सरकारची मालमत्ता धरली जाते. ते आपल्या ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वन खात्याला कळवावं लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये शिरूर कासार तालुक्यातलं हरणांच्या शिकारीचं प्रकरण जिल्हाभर गाजलं, ते तुमच्या कानावर आलंच असेल. राजस्थानात १९९८ साली काळवीट मारल्याच्या खटल्यात एका मोठ्या सिनेनटाला २०१८ साली जोधपूरच्या न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा सुनावली. त्यावर पुढे अपील झालं, पण वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणं त्याला परवडलं, आपल्याला परवडणार नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी ते मांस खाण्याजोगं नसतं. विहिरीत पडलेलं किंवा कुत्र्यांनी पळवून पळवून मेलेलं जनावर रक्त न वाहता मरतं. सगळं रक्त मांसातच राहतं आणि पोटातले जंतू काही तासांत मांसात उतरतात. शिवाय ते कशाने मेलं हे आपल्याला बाहेरून कळत नाही. तेव्हा हरीण विहिरीत पडलं, जिवंत असो की मेलेलं, वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. हरणांनी ज्वारी-हरभरा खाल्ला असेल तर त्याचा राग कायद्याने काढता येतो. वन्यप्राण्यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई सरकार देतं. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत तक्रार नोंदवा आणि पंचनामा होईपर्यंत पीक तसंच उभं ठेवा. पुष्कळ जण उशिरा येतात आणि मग भरपाई मिळत नाही म्हणून बोटं मोडतात.

आता बोकडाकडे येऊ.

आपल्या भागात उस्मानाबादी शेळी आहे. काळी, उंच, चिवट. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर हा तिचा मुलूख. पूर्ण वाढलेला बोकड सुमारे ३४ किलोचा भरतो. बोकड कापायची वेळ येते ती कंदुरीला, नवसाला, नाहीतर चार घरांनी मिळून वाटे घालायचे असले म्हणजे. आणि आपल्याकडे कंदुऱ्या कधी होतात? कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीची माणसं कोयता घेऊन गावी परतली, हातात चार पैसे आले, की एप्रिल-मे महिन्यात. म्हणजे पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा. मांसाला याहून वाईट हंगाम नाही, आणि सगळी गफलत इथेच होते.

माझ्या मामाच्या गावची कंदुरी सांगतो. बोकड बाजारातून टेम्पोत भर उन्हात आणला. गावात आल्यावर तो दावं तोडून पळाला, पोरांनी वेशीपर्यंत त्याचा पाठलाग केला. धापा टाकत असतानाच दुपारी बाराला कापला. मटण ताडपत्रीवर उघडं पडलं, माश्या बसल्या, आणि पंगत बसली रात्री नऊला. दुसऱ्या दिवशी निम्मं घर तांब्या घेऊन रानात पळत होतं. मामा म्हणाले, "बोकडच खराब निघाला." बोकड चांगला होता, तो आम्ही खराब केला. मी तेव्हा कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि खरं सांगायचं तर तिथे काय चुकलं हे मलाही त्या दिवशी सांगता आलं नसतं.

चुकलं ते असं. जनावर शांत असलं की त्याच्या मांसात एक प्रकारची साखर साठलेली असते. कापल्यानंतर तिचं हळूहळू आम्ल होतं. लोणच्यात आंबटपणामुळे जसं फळ टिकतं तसं या आम्लामुळे मांस टिकतं आणि मऊही होतं. जनावर पळवलं, घाबरवलं, तर ती साखर पळण्यातच संपते. मग मांस काळसर, चिकट राहतं आणि लवकर नासतं. दुसरं म्हणजे ऊन. उबेत जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करून पाहा, एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांवर जातात. बारा ते नऊ म्हणजे तर नऊ तास झाले. "शिजवलं की सगळं मरतं" असं आपण म्हणतो. जंतू मरतात हे खरं, पण त्यांतल्या काहींनी आधीच मांसात सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

कापण्याआधी

बोकड आदल्या दिवशीच आणून सावलीत बांधा. बारा तास आधी चारा बंद करा, पाणी मात्र शेवटपर्यंत समोर ठेवा. पोट रिकामं असलं की कोथळा फुटून घाण मटणावर सांडण्याचा धोका कमी होतो. गाभण शेळी कापू नका. नाकाला शेंबूड, हगवण, अंगात ताप, मान टाकलेली, असं जनावर कापायचं नाही. "मरायला टेकलं आहे, पैसे तरी वसूल होतील" हा विचार फार महागात पडतो. नुकतंच औषध किंवा इंजेक्शन दिलं असेल तर बाटलीवर किती दिवस मांस खाऊ नये ते छापलेलं असतं. छापलेलं नसलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

एक गोष्ट ठळक सांगतो. शेळी, मेंढी किंवा मोठं जनावर अचानक मेलं आणि नाकातून, तोंडातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त आलं, तर ते काळपुळी असू शकते. तिला काही गावांत फाशी म्हणतात. असं जनावर कापू नका, सोलू नका, ओढत नेऊ नका. त्याचे जंतू हवा लागताच बीजरूप धरतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. हाताच्या लहानशा जखमेतूनही ते माणसात शिरतात. दवाखान्याला कळवा आणि त्यांच्या देखरेखीखाली चुना टाकून सहा फूट खोल पुरा, नाहीतर जाळा.

कापणं, सोलणं

पहाटे कापा. सूर्य वर यायच्या आत सगळं आटोपलं पाहिजे. आपल्याकडे बहुतेक गावांत हे काम मुलाणी करतात आणि त्यांचा हात बसलेला असतो, त्यांना त्यांचं काम करू द्या. आपण तयारी करायची ती अशी: बाभळीच्या किंवा लिंबाच्या मजबूत फांदीला दोर, दोन वेगळ्या सुऱ्या, पातेलंभर उकळतं पाणी, स्वच्छ सुती फडकी. एक सुरी कातड्यासाठी, दुसरी फक्त मांसासाठी. मधून मधून सुऱ्या उकळत्या पाण्यात बुडवा. हाताला जखम असेल त्याने त्या दिवशी लांब राहावं.

मान कापल्यावर बोकड मागच्या पायांनी उलटा टांगा आणि पाच-सहा मिनिटं रक्त पूर्ण निथळू द्या. घाई करू नका. रक्त राहिलेलं मटण लवकर वास मारतं. सोलताना मागच्या पायापासून सुरुवात करा, सुरीने फक्त चीर द्या आणि पुढे मूठ घालून कातडं सुटं करा. याने मटणाला सुरीचे घाव बसत नाहीत आणि कातड्यालाही भोकं पडत नाहीत. सोलताना केसांची बाजू मटणाला लागता कामा नये, तशीच कातड्याला लागलेला हात धुतल्याशिवाय मटणाला लावू नये. सगळी घाण या एका चुकीने येते. कातड्याला आज पूर्वीसारखा भाव नाही, हे मला माहीत आहे. तरी विकायचं असेल तर चार तासांच्या आत आतल्या बाजूला मीठ चोळा, कातड्याच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के, आणि सावलीत पसरा.

पोट अर्ध्या तासाच्या आत उघडलं पाहिजे. त्याआधी गुदद्वाराभोवती सुरी फिरवून ते सुतळीने बांधा. गळ्याकडची अन्ननळीही बांधा. पोटाला चीर देताना सुरीचं पातं बाहेरच्या बाजूला आणि मागे दोन बोटांचा आधार, म्हणजे कोथळ्याला टोक लागत नाही. पित्ताची पिशवी काळजापासून अलगद कापा. ती फुटली तर कडू झालेला भाग कापून टाका, धुवून कडूपणा जात नाही. मटणावर लेंडी किंवा चारा सांडला तर तिथेही पाणी ओतू नका. पाण्याने घाण सगळीकडे पसरते. तेवढा भाग सुरीने पातळ छिलून टाका. मटण शिजवायच्या वेळेला धुवावं, टांगलेलं असताना नाही.

काळीज आणि फोपसं डोळ्यांनी तपासा

शहरातल्या कत्तलखान्यात हे काम पशुवैद्यक करतो. घरी ते आपल्यालाच करावं लागतं, आणि पोरंबाळं असलेल्या घरात हे सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे.

चांगलं काळीज एकसारखं तांबूस, कडा धारदार, बोटाला गुळगुळीत लागतं. ते चिरून पाहा. नळ्यांमध्ये पानासारखे चपटे जंत दिसले तर ते काळीज टाकून द्या. पाणथळ जागी चरणाऱ्या शेळ्यांना हे जंत होतात, तेव्हा राहिलेल्या कळपालाही जंताचं औषध द्यायची वेळ झाली आहे असं समजा. जाड पिवळा पू भरलेल्या गाठी, पांढरे खरबरीत ठिपके दिसले तर तो अवयव बाजूला. असे ठिपके-गाठी सगळ्या अंगभर असल्या तर मटण खाऊ नका, पशुधन विकास अधिकाऱ्यांना दाखवा.

काळजात किंवा फोपशात कधी कधी पाण्याने भरलेला पांढरट फुगा दिसतो. लिंबाएवढा, कधी पेरूएवढा. आपण काय करतो? "हे काय आलं" म्हणतो आणि तो तुकडा दारातल्या कुत्र्यापुढे फेकतो. इथेच घात होतो. तो फुगा म्हणजे कुत्र्याच्या एका पट्टकृमीची पिल्लं. कुत्र्याने ती खाल्ली की त्याच्या आतड्यात शेकडो बारीक कृमी वाढतात आणि विष्ठेतून अंडी बाहेर पडू लागतात. ती गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर चिकटतात. शेळी ती गवताबरोबर खाते. आणि पोर कुत्र्याशी खेळून तसंच भाकरीला हात लावतं. मग तसाच फुगा माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात धरतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. बऱ्याचदा तो ऑपरेशन करून काढावा लागतो. म्हणजे ती गाठ खाल्ल्याने माणसाला रोग होत नाही, तो कुत्र्याच्या वाटेने येतो. गाठ दिसली तर न फोडता तो अवयव जाळा किंवा खोल पुरा. कुत्र्याला कच्चं काळीज-फोपसं कधीच घालू नका. घालायचंच तर अर्धा तास खळखळ उकळून घाला. कुत्र्यालाही जंताचं औषध, प्राझिक्वांटेल, डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी द्या.

रक्त आणि टाकाऊ आतडी उघड्यावर, ओढ्यात फेकू नका. विहिरीपासून लांब तीन-चार फूट खड्डा घ्या, चुना टाका, वर दगड ठेवा. कोथळ्यातला अर्धवट पचलेला चारा मात्र उत्तम खत आहे, तो उकिरड्यात गाडा. उघड्यावर आतडी पडली की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात काय झालं, ते त्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

वाटे, फ्रीज आणि चिवट मटण

वाटे घालताना भांडणं होतात ती वजनाच्या अंदाजावरून. बोकडाच्या निम्मं मटण पडतं असं सगळे धरून चालतात. पडतं ते सुमारे ४५ टक्के; २५ किलोच्या बोकडाला हाडांसकट ११ किलोच्या आसपास. मुंडी, पाय, वजरी, काळीज वेगळं. हे आधीच सांगून टाका. तोडायला चिंचेच्या लाकडाचा ठोकळा बरा, त्याचा भुसा मटणात येत नाही. प्रत्येक वाट्यात फरा, बरगडी, पाठ, नळी थोडी थोडी पडली पाहिजे. ताडपत्रीऐवजी धुतलेल्या पळसाच्या पानांवर वाटे घाला. शेजारपाजारी वाटून घेणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकायचं असेल तर अन्न परवान्याची नोंदणी लागते. नगरपालिकेच्या हद्दीत तर मान्य कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही.

पुष्कळ बायका तक्रार करतात की घरचं मटण शिजता शिजत नाही. कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं आणि नेमकं त्याच अवस्थेत ते चुलीवर चढतं. एक तर कापल्यावर तास-दीड तासात शिजायला घाला, नाहीतर गार जागी राहू द्या आणि ताठरपणा पूर्ण उतरल्यावर शिजवा. उन्हाळ्यात पहिलाच मार्ग सुरक्षित. फ्रीज असेल तरी गरम मटण लगेच बर्फाच्या कप्प्यात कोंबू नका, तेही चिवट होतं. सावलीत वाऱ्याला तासभर पातळ फडक्याखाली टांगा, मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि बर्फात ठेवायचं ते दुसऱ्या दिवशी, एका वेळेला लागेल एवढ्या लहान पिशव्या करून. खालच्या कप्प्यात दोन दिवस धरा. वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला डीप फ्रीजर बंद दाराने दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस.

वाळवण

आता पत्रातल्या मूळ प्रश्नाकडे. मांसाच्या पट्ट्या वाळवून ठेवायची कला मराठवाड्यात जुनी आहे, तिला चान्या म्हणतात. ज्यांच्या घरी फ्रीज नव्हता आणि मांस रोज मिळत नव्हतं, त्यांनी ही विद्या सांभाळली. बाकीच्यांनी तिला नावं ठेवली. धाराशिवकडचे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात या खाण्याबद्दल लिहिलं आहे. पूर्वी चान्या बहुधा मोठ्या जनावराच्या असत. २०१५ च्या मार्चपासून राज्यात गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, पण रीत बोकडाला तशीच लागू पडते.

मांडीचं आणि पाठीचं बिनहाडाचं मांस घ्या. चरबी आणि पांढरे पडदे पूर्ण काढा. चरबी वाळत नाही, खवट होते. धाग्याच्या दिशेने करंगळीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब पट्ट्या कापा. त्याहून जाड नकोत. वरून वाळतात आणि आत कुजतात. एक लिटर पाण्यात सुमारे १४० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पट्ट्या पाच मिनिटं बुडवा. हळद-तिखट लावायचं तर नंतर लावा. मग दोरीवर किंवा तारेवर, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा टांगा. जमिनीवर, पत्र्यावर पसरू नका. भोवती मच्छरदाणी पाहिजेच, नाहीतर माशी अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या. संध्याकाळी घरात घ्या, दवात ठेवू नका.

बीडच्या मार्च-मे मधल्या कोरड्या वाऱ्यात चार-पाच दिवसांत काम होतं. मटणाला वाईट असलेला हाच हंगाम वाळवणाला सोन्यासारखा. श्रावण-भाद्रपदात करू नका, बुरशी येईल. एक किलो मांसाचे ३०० ते ४०० ग्रॅम राहिले की समजा वाळलं. पट्टी वाकवली की तडकली पाहिजे, आतून मऊ किंवा काळी ओल दिसता कामा नये. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा डबा उघडून पाहा. झाकणाच्या आत ओल धरली असेल तर पुन्हा एक दिवस ऊन द्या. पांढरट मीठ वर आलं तर काळजी नाही, हिरवी-काळी बुरशी आली तर पूर्ण डबा टाकून द्या. असं नीट वाळवलेलं मांस पावसाळा लागेपर्यंत सहज टिकतं. शिजवण्याआधी तासभर पाण्यात भिजवा, ते पाणी फेका आणि मग चांगलं खळखळ उकळून शिजवा, कारण वाळल्याने जंतू झोपतात, सगळे मरत नाहीत.